ठकूआजींची साडी आणि पळसदरीचं आभाळ

चारुलता कर्णिक यांनी सुई खाली ठेवली आणि त्यांचे डोळे गेल्याची बातमी कर्जतच्या त्या तीन मजली इमारतीत संध्याकाळच्या आत पसरली.

दुसरं कारण कुणाला सुचेचना. या बाईने आजवर बाजारपेठेतल्या, दहिवलीतल्या, पार कडावपर्यंतच्या यच्चयावत तान्ह्या पोरांना दुपटी शिवून दिली होती. कर्जतमध्ये मूल जन्माला आलं की आधी डॉक्टर, मग आजी आणि मग चारुलताबाई, असा क्रमच होता. घरातल्या सगळ्यात थोरल्या बाईची जुनी साडी त्यांच्याकडे आणून द्यायची आणि बारशाला दुपटं न्यायचं. अशी बाई धडधाकट असताना शिवण का सोडेल? समोरच्या बिऱ्हाडातून डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली आली. तिसऱ्या मजल्यावरचे अनुपमराव शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, त्यामुळे शिकवायला आता अख्खं जग मोकळं. त्यांनी चौक गावी भरणाऱ्या मोफत नेत्रतपासणी शिबिरात चारुलताबाईंचं नाव परस्पर घालून टाकलं.

"डोळे छान आहेत माझे," चारुलताबाई म्हणाल्या. "मी आता चित्रं काढणार आहे. जलरंगात."

अनुपमरावांनी त्यांच्या यजमानांकडे, म्हणजे मधुकररावांकडे, सहानुभूतीने पाहिलं. "बरोबर आहे," ते म्हणाले. "बारीक काम दिसेनासं झालं की माणूस मोठ्या कामाकडे वळतो."

खरं कारण सांगितलं असतं तर कुणाला पटलं नसतं, म्हणून चारुलताबाईंनी ते सांगितलंच नाही. हिवाळ्यात पळसदरीला एकाचं दुपटं पोचवायला गेल्या असताना धरणाच्या काठावर त्यांना चित्रकलेच्या वर्गातली मंडळी बसलेली दिसली. त्यातल्या एकाने कागद पाण्याने ओला केला, त्यावर निळ्या रंगाचा एक थेंब सोडला आणि चक्क हात मागे घेतला. रंग आपला आपण निघाला. कुठे दाट झाला, कुठे फिका, एका कडेला जाऊन थबकला. चारुलताबाई बघतच राहिल्या. आयुष्यभर त्यांनी ओवलेला एकही धागा त्यांनी नेल्याशिवाय कुठे गेला नव्हता. एखादी गोष्ट आपल्या हाताबाहेर जाऊन इतकी सुंदर होऊ शकते याचा त्यांना हेवा वाटला, आणि थोडी भीतीही वाटली. रिक्षात बसताना त्यांनी त्या वर्गाची चौकशी केली.

वर्ग ऋषिकेश नावाच्या तरुण चित्रकाराचा होता. पळसदरीला एक खोली भाड्याने घेऊन तो रविवारी शिकवायचा. त्याने चांगला कागद आणायला सांगितला. चारुलताबाईंनी आणला, चष्मा लावून वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचली, आणि तिथेच घात झाला. कागद शंभर टक्के सुती आहे, असं त्यावर लिहिलेलं होतं.

आता सुती म्हटल्यावर काय करायचं हे चारुलताबाईंना कुणी शिकवायची गरज नव्हती. सुती माल आटतो. दुपट्याचं कापड आधी भिजवून घेतलं नाही तर पहिल्या धुण्यात दुपट्याची द्रोणासारखी वाटी होते, आणि रंग पक्का करायचा तर मीठ-तुरटीचं पाणी हवंच. त्यांनी बादलीत मीठ-तुरटी विरघळवली, त्यात तो महागडा कागद रात्रभर भिजत घातला, सकाळी हलक्या हाताने पिळला आणि गच्चीत चिमटे लावून वाळत टाकला. वाळल्यावर इस्त्री केली आणि आणखी चोख म्हणून चार घड्या घातल्या. रविवारी त्या घड्या उलगडताना ऋषिकेशचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"काकू, कागद धुतलात?"

"मग? आटला असता म्हणजे?"

ऋषिकेश कलाशाळेत पाच वर्षं शिकला होता, पण हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. धुतल्यामुळे कागदावरची खळ निघून गेली होती आणि रंग लावला की तो टीपकागदासारखा आत शोषला जात होता. शेवटी त्याने मोठ्या मनाने तोड काढली. या कागदावर नुसता जलरंग चालणार नाही, तेव्हा तुम्ही मिश्र माध्यम करा, म्हणाला. शाई घ्या, चहाचं पाणी घ्या, हळद घ्या, घरात असेल ते घ्या. त्याच्या दृष्टीने ही नापासांची तुकडी होती. चारुलताबाईंना मात्र घबाड मिळाल्यासारखं झालं.

घरातलं एकही भांडं मग सुरक्षित राहिलं नाही. मधुकररावांनी खोपोलीच्या कारखान्यात उभी हयात यंत्रांच्या आवाजात काढली होती आणि निवृत्तीनंतर त्यांना फक्त वेळेवर चहा हवा होता. तो आता कागदावर जाऊ लागला. हळदीचा डबा ओट्यावरून व्हरांड्यात गेला. मीठ-तुरटीची बादली कायमचीच भरून ठेवलेली असे, कारण कागद धुवायची सवय काही चारुलताबाईंना सोडवेना. शिवणाच्या पेटीवर चिंध्या, कागद, बाटल्या यांचा ढीग जमला. एक ना धड भाराभर चिंध्या, असं मधुकरराव एकदा हळूच म्हणाले, आणि ती म्हण आपल्या घरात शब्दशः खरी आहे हे लक्षात आल्यावर गप्प बसले.

सुई खाली ठेवताना चारुलताबाईंनी एक अपवाद मात्र केला होता. तळमजल्यावरच्या पौर्णिमाबाई, या जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका. त्यांची मुलगी प्राची बाळंत झाली आणि त्यांना नात झाली. पौर्णिमाबाईंचं शब्द टाकणं क्वचितच, आणि टाकला तर तो मोडायची कुणाची प्राज्ञा नव्हती. एवढं एक शेवटचं दुपटं शिवून देईन, असं चारुलताबाईंनी त्यांना कबूल केलं. साडी द्यायची होती ती पौर्णिमाबाईंच्या सासूबाईंची, ठकूआजींची. ठकूआजी मूळच्या कडावच्या, वय ऐंशीच्या पुढे, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. पौर्णिमाबाई साडी घेऊन वर आल्या तेव्हा चारुलताबाई वर्गाला गेल्या होत्या. मधुकररावांनी पिशवी घेतली, हो हो म्हणाले, आणि साडी पिशवीतून काढून शिवणाच्या पेटीवर ठेवली. म्हणजे ढिगावर ठेवली. संध्याकाळी बायकोला सांगायचं त्यांच्या लक्षातही होतं, पण चहा मिळाला नाही या दुःखात ते राहून गेलं.

दोनच दिवसांनी चारुलताबाईंनी पळसदरीचं आभाळ काढायला घेतलं. त्या दिवशी नवा, न धुतलेला कागद त्यांनी हट्टाने आणला होता. कागद ओला केला, निळा सोडला, आणि तो जो निघाला तो थांबेचना. डोंगरावर आला, धरणात उतरला. ऋषिकेशने सांगितलं होतं, रंग जास्त झाला की मऊ सुती फडक्याने टिपून घ्या. दोन्ही हात अडकलेले. "अहो, एक जुनं फडकं द्या लवकर," चारुलताबाई ओरडल्या. मधुकररावांनी ढिगावरचं सगळ्यात वरचं उचलून दिलं.

चारुलताबाईंनी टिपलं. जिथे टिपलं तिथे निळ्यातून पांढरे ढग वर आले, कापसासारखे, अगदी खरे. त्यांच्या अंगावर काटा आला. इतकं सुरेख त्यांच्या हातून आजवर काही घडलं नव्हतं. फडकंही काय मऊ होतं. ते फाडून दोन तुकडे करावे असं त्यांना वाटलं, पण इतक्या मऊ कापडाला कात्री लावायचा जीव होईना. मग तेच फडकं त्यांनी रोज वापरलं. एकाच जागी मळू नये म्हणून शिस्तीने फिरवत फिरवत वापरलं, शाई पुसली, चहा पुसला, हळद पुसली, आणि रोज संध्याकाळी नीटनेटकेपणाने मीठ-तुरटीच्या बादलीत बुडवून वाळत घातलं. हजार साड्या ज्यांच्या बोटांखालून गेल्या त्या बाईला आपल्या हातात साडी आहे हे कळलं नाही. बोटं तीच होती, पण डोळे आभाळात होते.

इकडे ऋषिकेशने प्रदर्शनाचं मनावर घेतलं. चारुलताबाई हितचिंतक मंडळाचा हॉल विचारायला गेल्या. तिथल्या कारकुनाने छापील अर्ज पुढे सरकवला. कार्यक्रमाचा प्रकार म्हणून त्यात लग्न, मुंज, बारसं, साड्यांचा सेल आणि शोकसभा एवढेच रकाने होते. चित्रांचं प्रदर्शन कशात बसतं, असं चारुलताबाईंनी विचारलं. विकणार असाल तर सेल, म्हणाला, पण सेलला व्यापारी परवाना लागतो. नसाल विकणार तर शोकसभा करा, त्याला काही लागत नाही. शोक कुणाचा लिहायचा, असं विचारल्यावर तो म्हणाला की कुणी गेलेलं असलंच पाहिजे असा नियम नाही, पण खुर्च्या पन्नासच मिळतील. चारुलताबाई अपमान गिळून घरी आल्या आणि जिन्यात भेटलेल्या पौर्णिमाबाईंना त्यांनी सगळं सांगितलं.

"एवढंच ना?" पौर्णिमाबाई म्हणाल्या. "बाळाचं नामकरण त्याच हॉलमध्ये आहे, येत्या रविवारी. भिंती सगळ्या रिकाम्या असतात. तुमची चित्रं लावा तिथे. दोनशे माणसं येतील, सगळ्यांना दिसतील."

चारुलताबाईंना भरून आलं. पौर्णिमाबाईंनी फोन करून कारकुनाला विचारलंही. चित्रं सजावटीत धरता येतील, असा त्याने निवाडा दिला. आपली कला सजावटीत जमा झाली हे चारुलताबाईंच्या मनाला लागलं, पण भिंत मिळत असताना माणसाने फार मानी असू नये.

"आणि दुपटं होत आलं असेल ना?" पौर्णिमाबाई जाता जाता म्हणाल्या. "आई रोज विचारतात. त्यांची नागपूरची साडी आहे ती. दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीला जाताना तेवढी नेसायच्या. आता गुडघ्यांमुळे जाणं होत नाही. पेटीतून काढून स्वतः धुऊन दिली त्यांनी. पांढरी, निळ्या बारीक काठाची."

चारुलताबाईंनी कठडा घट्ट धरला. पांढरी, मऊ, निळा बारीक काठ. तो काठ त्यांनी गेले कित्येक दिवस पाहिला होता आणि शाईचाच ओघळ समजून घासलाही होता.

वर आल्यावर झालेल्या संभाषणाचा तपशील देण्यात अर्थ नाही. मधुकरराव एवढंच म्हणत राहिले की तू फडकं मागितलंस, मी फडकं दिलं. चारुलताबाई एवढंच म्हणत राहिल्या की माणसाने निदान बघून द्यावं. दोघांचंही बरोबर होतं आणि त्याने काहीच फरक पडत नव्हता. साडी पलंगावर पसरली होती. पांढऱ्या जमिनीवर निळे, तपकिरी आणि पिवळे डाग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उठले होते, कारण बाईंनी फडकं शिस्तीने फिरवलं होतं. साध्या पाण्यात एकही डाग हलेना. मीठ-तुरटीने आपलं काम चोख केलं होतं.

शेजाऱ्यांना विचारणं भाग होतं, पण साडी कुणाची ते सांगायची सोय नव्हती. 'एका कापडावर' एवढंच चारुलताबाई म्हणायच्या. समोरच्या बाईंनी रिठा सांगितला. कुणी ताक सांगितलं. हळदीला नुसतं कडक ऊन दाखवा, आपोआप उडेल, असं सगळ्यांनीच सांगितलं. पण दिवस श्रावणाचे, आणि सूर्य आठवडाभर कर्जतला फिरकला नव्हता. अनुपमरावांनी मात्र खात्रीचा उपाय सांगितला. चौकला हायवेवर नवशाचं गॅरेज आहे, त्याच्याकडे हात धुवायची एक पावडर असते, गाडीचं काळं ऑइलसुद्धा निघतं, म्हणाले.

चारुलताबाई भर पावसात चौकला गेल्या. नवशा एका ट्रकखाली होता. तिथूनच त्याने सगळी हकीकत ऐकली, बाहेर आला आणि पावडरीची पुडी बांधून दिली. "ऑइलला चांगली हाय, ताई," तो म्हणाला. "कापडाला कवा लावली नाय. आमचं कापड धुवायचं नस्तंच." एवढ्यावर शहाण्या माणसाने परत फिरायला हवं होतं. चारुलताबाईंनी घरी येऊन साडीची एक बाजू त्या पावडरीत बुडवली आणि त्यांच्या देखत हळदीचे पिवळे डाग लालभडक झाले.

आगीतून फुफाट्यात पडणं म्हणतात ते हेच. अनुपमराव साखर मागायला म्हणून आले होते, त्यांनी ते पाहिलं आणि खूश झाले. "होणारच," ते म्हणाले. "हळदीत क्षार मिसळला की ती लाल होते. कुंकू असंच करतात. आठवीच्या पुस्तकात आहे." मग हे आधी का नाही सांगितलंत, असं चारुलताबाईंनी विचारलं, तेव्हा डाग हळदीचा आहे हे तुम्ही कुठे म्हणालात, असं त्यांनी विचारलं. तेही खरं होतं.

शेवटी माणूस जे करतो ते चारुलताबाईंनी केलं. बाजारातून पांढरी, निळ्या काठाची नवी साडी आणली आणि तिला म्हातारी करायला घेतली. ती रोज धुतली, दगडावर आपटली, पुन्हा धुतली. अंगाखाली चुरगळून मऊ व्हावी म्हणून मधुकररावांना ती चादरीच्या जागी अंथरून दिली, आणि ओलसर साडीवर झोपून त्यांना सर्दी झाली. सुई ओवून चारुलताबाईंनी पहिला टाका घातला आणि थांबल्या. नवं कापड सुईला अडवतं. वर्षानुवर्षं अंगाला लागलेलं कापड सुईला वाट करून देतं. हे त्यांना कळतं, तर ज्यांनी ती साडी नेसली त्यांना कळणार नाही का? आणि समजा नाहीच कळलं, तर ते जास्त वाईट. त्या ऐंशीच्या पुढच्या बाई दुसऱ्याच कुणाच्या कापडाला आपलं समजून पणतीच्या अंगावर घालणार. चारुलताबाईंनी नवी साडी बाजूला ठेवली. त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्या दोनदा सगळं सांगायला खाली गेल्या. पहिल्यांदा पौर्णिमाबाईंनी त्यांच्या हातात खिरीची वाटी दिली. दुसऱ्यांदा मिलिंदराव, म्हणजे पौर्णिमाबाईंचे यजमान, चित्रं टांगायला हॉलमधल्या खिळ्यांची मापं स्वतः घेऊन आले होते ती दाखवत बसले. ज्या घराने आपल्याला भिंती दिल्या त्या घरात बसून खीर खायची आणि तोंड उघडायचं नाही, हे चारुलताबाईंना सोसेना. माघारी येताना प्रत्येक पायरीवर त्या उद्या नक्की सांगू म्हणत. उद्या म्हणता म्हणता शनिवार आला.

शनिवारी दुपारी त्यांनी ती डागाळलेली साडीच मांडीवर घेतली. काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. इतक्या दिवसांत तिच्याकडे त्यांनी फक्त गुन्हा म्हणून पाहिलं होतं, आता पहिल्यांदा कापड म्हणून पाहिलं. निळा डाग जिथे थबकला होता तिथे त्याला एक गडद कड आली होती. लाल झालेल्या हळदीला चहाने वळसा घातला होता. त्यांनी साडीच्या घड्या घातल्या, थर जुळवले आणि त्या कडेवरून धावदोरा घालायला सुरुवात केली. दुपट्याचे टाके सरळ ओळीत जायचे, हा त्यांचा जन्माचा नियम. आज रंग जिथे जिथे गेला होता तिथे तिथे धागा त्याच्या मागून गेला. मधुकरराव शिंकत शिंकत चहा करून घेऊन आले, आणि त्यांनी पेला कापडापासून हातभर लांब ठेवला.

रविवारी हॉलच्या भिंतींवर चारुलताबाईंची चित्रं लागली. मधोमध पळसदरीचं आभाळ. ऋषिकेश लवकर येऊन सगळ्या चौकटी सरळ करून गेला. पाहुणे येऊ लागले, आणि चारुलताबाई दचकल्या. सगळ्या बायका पांढऱ्या साड्यांत होत्या, पुरुष पांढऱ्या सदऱ्यांत. नामकरणाला बौद्ध मंडळी पांढरं नेसतात हे त्यांना माहीत होतं, पण दुपट्याच्या नादात ते डोक्यात आलंच नव्हतं. बाळ दुपट्यासकट या मांडीवरून त्या मांडीवर जाणार. बाळ म्हटलं की ओलं होणार. साध्या पाण्यात डाग हलले नव्हते, हे खरं, पण गॅरेजच्या पावडरीनंतर त्या लाल रंगाने काय ठरवलं होतं कोण जाणे. रंग सुटतो का हे पाहिल्याशिवाय चारुलताबाईंनी आजवर एकही दुपटं घराबाहेर जाऊ दिलं नव्हतं, आणि नेमकं हेच त्यांनी तपासलं नव्हतं. दोनशे पांढरे कपडे त्यांच्या डोळ्यांपुढे लाल-निळे होऊन गेले.

बुद्धवंदना झाली. बाळाचं नाव श्रिया ठेवलं. टाळ्या पडल्या, आणि पौर्णिमाबाई चारुलताबाईंजवळ आल्या. "दुपटं द्या," त्या म्हणाल्या. "आईंच्या हाताने पांघरायचंय."

चारुलताबाईंनी पिशवीतून दुपटं काढलं. पौर्णिमाबाईंनी ते उलगडलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "चारुताई," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे काय?" तेवढ्यात खुर्चीतून ठकूआजींनी हात पुढे केला होता. दुपटं त्यांच्या हातात गेलं. त्यांनी ते डोळ्यांनी पाहायच्या आधी बोटांनी पाहिलं.

"माजी साडी हाय ही," ठकूआजी म्हणाल्या. "पन ह्ये काय झालं हिला?"

आता पळवाट नव्हती. "आजी, मी तुमच्या साडीला रंग पुसले," चारुलताबाई म्हणाल्या. "जुनं फडकं समजून. धुवायला गेले तर आणखी बिघडलं. नवी साडी आणून फसवायचाही विचार केला होता. ते जमलं नाही."

आजूबाजूच्या बायका दुपट्यावर वाकल्या. मधुकररावांनी घाईघाईने, फडकं मी दिलं, असं सांगितलं, पण त्यांच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. ठकूआजी दुपटं कुरवाळत होत्या.

"वाईट वाटलं गं," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू. हिला मी कदी चुलीपाशी नेसले नाय. गाडीत बसताना खाली रुमाल टाकून बसायची." मग त्यांनी विचारलं, "रंग कशाला पुसत हुतीस?"

"चित्र काढत होते. आभाळ."

"कंचं?"

चारुलताबाईंनी भिंतीकडे बोट दाखवलं. मिलिंदरावांचा हात धरून ठकूआजी उठल्या, गुडघे सावरत चित्रापाशी गेल्या आणि नाक लावून पाहू लागल्या. चारुलताबाई त्यांच्यामागे उभ्या राहिल्या. त्यांनी जे खरं होतं ते सांगितलं. "हे ढग मी रंगवलेले नाहीत, आजी. सगळीकडे निळा होता. जिथे तुमची साडी लागली तिथला रंग तिने उचलला, आणि ढग झाले."

"म्हंजी ढग साडीनं काढलं."

"हो."

"मंग ह्ये चित्र माज्या खोलीत लागंल," ठकूआजी म्हणाल्या. "पलंगासमोर. नागपूरला जाताना खिडकीतनं असंच आभाळ बगायची मी. मिलिंदा, काढ रं खाली."

मिलिंदरावांनी हात वर केला, तोच हॉलचा कारकून धावत आला. वेळ संपेपर्यंत सजावट उतरवता येत नाही, नियम आहे, म्हणाला. ठकूआजींनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मंग मी हितंच बसते," त्या म्हणाल्या. त्यांनी खुर्ची चित्राखाली मागवली, तिच्यावर बसल्या, बाळाला मांडीवर घेतलं आणि ते दुपटं त्याच्याभोवती गुंडाळलं. ज्यांनी आतापर्यंत भिंतीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं ती माणसं, आजी कशाची राखण करतायत ते बघायला, एकेक करून तिथे येऊ लागली. ऋषिकेशने एकाला मिश्र माध्यम समजावून सांगितलं. अनुपमरावांनी दुसऱ्याला कुंकू कसं बनतं ते सांगितलं.

चारुलताबाईंचं लक्ष मात्र फक्त ठकूआजींच्या पांढऱ्या मांडीवर होतं. आणि श्रियाने, अंगावर पडलेलं नवं नाव कसं वाटतं याचा जरासा विचार करून, व्हायचं ते केलं. दुपटं ओलं झालं. ओल आजींच्या साडीत उतरली.

चारुलताबाईंनी डोळे मिटले. उघडले तेव्हा ठकूआजी दुपटं बाजूला करून मांडीवरचा ओला पट्टा निरखत होत्या. पौर्णिमाबाईही वाकून पाहत होत्या. साडी ओली होती, आणि पांढरीशुभ्र होती.

"रंग नाय सोडला," ठकूआजी म्हणाल्या. त्यांनी दुपटं पुन्हा बाळाला गुंडाळलं. "पोरीला चालंल ह्ये."

पौर्णिमाबाईंनी चारुलताबाईंच्या दंडावर हात ठेवला. चारुलताबाईंना रडू येत होतं, पण आयुष्यात पहिल्यांदाच आपलं चित्र कुणाच्या तरी घरी चाललं आहे हे त्यांच्या आता कुठे ध्यानात आलं होतं, आणि अशा वेळी घेणाऱ्याला चार सूचना देणं भाग असतं. दुपटी देताना त्या नेहमी द्यायच्या तशा.

"दुपटं कितीही धुवा," त्या नाक पुसत म्हणाल्या. "चित्राला तेवढं पाणी लागू देऊ नका."